रामशास्त्री निघून गेल्यावर

रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळाच. शाळेच्या पुस्तकात ती आहे, कीर्तनकाराच्या तोंडी ती आहे, आणि १९४४ साली प्रभात कंपनीने काढलेल्या बोलपटातही ती आहे. गोष्ट सांगून झाली, की आपण मान डोलावतो आणि म्हणतो, “असा न्यायाधीश पुन्हा होणे नाही!” पण वाचकहो, मला आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे तो त्या गोष्टीचा पुढचा भाग. शास्त्रीबुवा पुणे सोडून निघून गेले. बरे, मग पुढे? ज्या खुनाची ते चौकशी करीत होते, त्या चौकशीचे काय झाले? हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आणि गादीवर बसलेल्या माणसाची चौकशी निर्भयपणे कशी व्हावी, हे समजून घ्यायचे असेल, तर नेमका तोच विचारायला हवा.

आधी काय घडले ते थोडक्यात आठवू या. माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले. धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. वय अवघे सतरा. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, वाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि त्यांनी नारायणरावांना ठार केले. गादीवर बसले ते राघोबादादा.

रामशास्त्री हे पेशव्यांचे न्यायाधीश. त्यांनी खुनाचा छडा लावायला घेतला. साक्षी घेतल्या, कागद पाहिले, आणि धागा थेट दादासाहेबांपर्यंत जाऊन पोचला. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला, ही कथा खरी की खोटी हा वाद इतिहासकारांनी करावा. आपल्याला इथे त्याची जरूर नाही. रघुनाथरावांनी प्रायश्चित्त विचारले, तेव्हा शास्त्रीबुवांनी देहांताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगितले, आणि या माणसाच्या राज्यात आपण पाऊल ठेवणार नाही म्हणून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासातही ही हकीकत आदराने नोंदली आहे.

इथवर आपण सगळे जाणतो. आता पुढचे पाहा. शास्त्रीबुवा गेले, आणि त्यांच्याबरोबर चौकशीही गेली. आरोपी तोच पेशवा आणि पेशवा तोच न्यायाधीशाचा धनी, अशी जिथे अवस्था, तिथे निकाल अमलात आणायचा कोणी? पुढे नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांनी कारस्थान करून दादांना दूर केले आणि रामशास्त्र्यांना सन्मानाने परत बोलावले, हे खरे. पण ते झाले राजकारणाचे पारडे फिरले म्हणून. प्रत्यक्ष शस्त्र चालवणाऱ्यांपैकी काहीजण पुढे सापडले, त्यांना देहांत शासन झाले. राघोबादादा मात्र इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, त्यातून युद्ध पेटले, आणि १७८२ साली सालबाईच्या तहाने ते मिटले तेव्हा दादांना नेमणूक बांधून मिळाली. कोपरगावास ते १७८३ साली आपल्या मरणाने वारले. म्हणजे न्यायाधीशाने निर्णय दिला, तो आजही लोकांच्या तोंडी आहे, आणि गुन्ह्याचा मुख्य आरोप ज्याच्यावर होता त्याला शिक्षा म्हणून कधी झालीच नाही.

रामशास्त्र्यांच्या थोरवीला यामुळे रतिभर उणेपणा येत नाही. उणेपणा होता तो व्यवस्थेत. न्यायाची सारी भिस्त एका माणसाच्या तेजावर होती. माणूस उठून गेला, की दिवा विझला.

आता बरोबर दोनशे वर्षे पुढे आणि सात समुद्र पलीकडे जाऊ. १७७३ चे १९७३ झाले आहे, पुण्याच्या जागी वॉशिंग्टन आहे, आणि तिथेही एक चौकशी करणारा माणूस उठून जाणार आहे. किंबहुना त्याला उठवले जाणार आहे. फरक एवढाच, की या वेळी तो गेल्यावर दिवा विझला नाही. तो का विझला नाही, हेच आपल्याला पाहायचे आहे.

प्रकरणाची सुरुवात अगदी क्षुल्लक चोरीपासून झाली. १७ जून १९७२ च्या पहाटे, वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट नावाच्या मोठ्या इमारतीत पाच माणसे पकडली गेली. दाराच्या कुलपावर चिकटपट्टी लावलेली पाहून रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला संशय आला आणि त्याने पोलिसांना बोलावले. जागा होती डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीची, आणि चोरांजवळ सापडली ती चोरून बोलणे ऐकण्याची यंत्रे. अध्यक्ष होते रिचर्ड निक्सन, रिपब्लिकन पक्षाचे. त्यांच्या निवडणूक समितीशी या माणसांचे लागेबांधे आहेत, असे हळूहळू दिसू लागले. तरी नोव्हेंबर १९७२ च्या निवडणुकीत निक्सन पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकून पुन्हा निवडून आले! लोकमताचा एवढा कौल पाठीशी असलेल्या माणसाची चौकशी करायची, ही गोष्ट लहान नव्हती.

१९७३ च्या वसंतात प्रकरण अंगाशी येऊ लागले. ३० एप्रिलला निक्सनचे दोन अगदी निकटचे सहायक आणि न्यायखात्याचे मंत्री यांनी राजीनामे दिले. तिकडे या मंत्र्याला अ‍ॅटर्नी जनरल म्हणतात. नव्या जागेसाठी निक्सननी नाव सुचवले एलियट रिचर्डसन यांचे. पण अमेरिकेत मंत्र्याच्या नेमणुकीला सेनेटची संमती लागते, आणि सेनेटने इथे पेच टाकला. सभासद म्हणाले, तुम्ही अध्यक्षांचे मंत्री. अध्यक्षांच्या माणसांची चौकशी तुम्ही कशी करणार? त्यासाठी एक स्वतंत्र सरकारी वकील नेमा, आणि त्याला आम्ही मनात आले म्हणून काढणार नाही, असा लेखी नियम करा. रिचर्डसननी ते मान्य केले. हार्वर्ड विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक आर्चिबाल्ड कॉक्स यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली. नियम असा छापला गेला, की अतिशय गंभीर गैरवर्तन केल्याखेरीज कॉक्सना काढता येणार नाही.

हा नियम नीट ध्यानात ठेवा. त्या वेळी तो कारकुनी कागदासारखा वाटला असेल. पुढे त्यानेच सारी कथा फिरवली.

जुलैमध्ये सेनेटच्या चौकशी समितीपुढे एका साक्षीदाराने सांगितले, की अध्यक्षांच्या दालनातले प्रत्येक बोलणे यंत्रावर आपोआप ध्वनिमुद्रित होत असते. हे ऐकून साऱ्या देशाने कान टवकारले. कोण खरे बोलतो आणि कोण खोटे, याचा निवाडा आता कोणाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहिला नव्हता. तो ध्वनिफितींत बंद होता. कॉक्सनी नऊ संभाषणांच्या फिती मागितल्या. निक्सननी नकार दिला. न्यायाधीश जॉन सिरिका यांनी ऑगस्टमध्ये त्या हजर करा म्हणून हुकूम दिला, वरच्या कोर्टाने १२ ऑक्टोबरला तो कायम केला.

निक्सननी मग एक तोड काढली. फिती द्यायच्या नाहीत. त्यांतल्या मजकुराचा सारांश अध्यक्षांच्या कचेरीने तयार करायचा, आणि तो बरोबर आहे की नाही हे जॉन स्टेनिस नावाच्या एका वृद्ध सेनेटरने फिती ऐकून सांगायचे. त्या सेनेटरसाहेबांना नीट ऐकू येत नसे, ही गोष्ट साऱ्या वॉशिंग्टनला ठाऊक होती! वर अट अशी, की कॉक्सनी यापुढे एकही फीत मागायची नाही. कॉक्सनी हे नाकारले. शनिवार, २० ऑक्टोबर १९७३ रोजी दुपारी त्यांनी वार्ताहरांना बोलावून शांतपणे, एखाद्या वर्गात समजावून सांगावे तसे सांगितले, की कोर्टाचा हुकूम झालेला असताना मला तो सोडून देता येत नाही.

त्या संध्याकाळी जे घडले, त्याला अमेरिकेत ‘शनिवारच्या रात्रीची कत्तल’ असे नाव पडले. रक्ताचा थेंब सांडला नाही. पडल्या त्या खुर्च्या. निक्सननी रिचर्डसनना हुकूम दिला, कॉक्सना काढा. रिचर्डसननी सांगितले, मी सेनेटला शब्द दिला आहे. आणि राजीनामा दिला. हुकूम गेला त्यांच्या हाताखालच्या विल्यम रकल्सहाउस यांच्याकडे. त्यांनीही नकार दिला आणि तेही गेले. मग पाळी आली तिसऱ्याची. हे होते सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क. त्यांनी सही केली आणि कॉक्स पदावरून गेले. रात्री सरकारी तपासखात्याच्या माणसांनी कॉक्स यांच्या कचेरीला पहारा बसवला. तिथल्या वकिलांना आपलेच कागद बाहेर नेता येईनात.

आता थांबा, आणि शनिवारवाड्यातल्या दरबाराची आठवण करा. देखावा तोच आहे. ज्याची चौकशी तोच धनी, आणि चौकशी करणारा दाराबाहेर. त्या रात्री कोणालाही वाटले असते, की प्रकरण संपले.

पण ते संपले नाही. पहिली गोष्ट, लोक. शनिवार-रविवारची सुटी असूनही तारांचा असा वर्षाव झाला, की तारखात्याची यंत्रणा तुंबली. लाखो माणसांनी आपल्या प्रतिनिधींना लिहिले. लोकप्रतिनिधिगृहात अध्यक्षांवर महाभियोग आणण्याचे ठराव येऊ लागले. अवघ्या तीन दिवसांत, २३ ऑक्टोबरला, निक्सनच्या वकिलांनी कोर्टात येऊन सांगितले, आम्ही फिती देतो.

दुसरी गोष्ट, कॉक्स गेले तरी त्यांची कचेरी मोडता आली नाही. त्यांनी जमवलेले तरुण वकील राजीनामे न देता आपापल्या टेबलाशी बसून राहिले. कागद शाबूत राहिले. साक्षीदार ज्यांच्यापुढे शपथेवर बोलले होते ते ज्यूरर कोणा अध्यक्षाचे नोकर नव्हते. ते कोर्टाने बसवलेले साधे नागरिक होते, आणि त्यांना घरी पाठवण्याचा अधिकार अध्यक्षाला नव्हता. शास्त्रीबुवांच्या मागे असे कोणी नव्हते. इथे एक माणूस उठला, पण पंगत उठली नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे तो नियम. नोव्हेंबर १९७३ मध्ये एका संघीय न्यायाधीशाने निर्णय दिला, की कॉक्सना काढणे बेकायदा होते, कारण नियम अमलात असताना तो मोडला गेला. तोपर्यंत टेक्सासचे नामांकित वकील लिऑन जॉवर्स्की कॉक्स यांच्या जागी आले होते. त्यांनी आपल्या खुर्चीभोवतीचे कुंपण आधी पक्के करून घेतले. दोन्ही सभागृहांतल्या आठ पुढाऱ्यांची सहमती असल्याखेरीज आपल्याला काढायचे नाही, असे निक्सनकडून कबूल करून घेतले, आणि मगच कामाला हात घातला. निक्सनना वाटले होते, हा माणूस सौम्य निघेल. निघाला तो तितकाच चिवट. १९७४ च्या एप्रिलमध्ये त्याने आणखी चौसष्ट संभाषणांच्या फिती मागितल्या.

वाद सुप्रीम कोर्टात गेला. निक्सनच्या वकिलांचा मुद्दा ऐकायला मोठा सफाईदार होता. ते म्हणाले, विशेष सरकारी वकील हा अध्यक्षांचाच नोकर. नोकर आणि धनी यांचा हा घरगुती तंटा. कोर्टाने त्यात पडू नये. कोर्टाने उत्तर दिले, नियम छापलेला आहे, सरकारने तो स्वतः केलेला आहे, आणि तो रद्द होत नाही तोवर सरकारही त्याने बांधलेले आहे. २४ जुलै १९७४ रोजी आठ विरुद्ध शून्य असा निकाल झाला, फिती द्या. निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर हे स्वतः निक्सननीच नेमलेले होते, हे विसरू नका. बाहेर आलेल्या फितींत २३ जून १९७२ चे एक संभाषण होते. चोरीला आठवडाही झाला नव्हता, आणि हेरखात्याकरवी पोलिसी तपास थांबवण्याच्या बेताला अध्यक्ष होकार देत होते. संपले. ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन पायउतार झाले. महिन्याभराने, ८ सप्टेंबरला, त्यांच्या जागी आलेल्या जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना माफी दिली, म्हणून खटला उभा राहिला नाही. पण सत्य काय, ते देशापुढे आले होते.

कथा इथेच संपवली, तर ती फार गोड होईल. पुढचा भाग थोडा कडू आहे, पण सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. वॉटरगेटचा धडा घेऊन अमेरिकेने १९७८ साली कायदा केला. वरिष्ठ पदाधिकाऱ्यांवर आरोप आले, तर चौकशीचा वकील सरकारने निवडायचा नाही. तीन न्यायाधीशांच्या मंडळाने निवडायचा, आणि सबळ कारणावाचून त्याला काढायचे नाही. १९८८ साली सुप्रीम कोर्टाने हा कायदा घटनेला धरून आहे असा निर्णय सात विरुद्ध एक मताने दिला. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ती स्कालिया यांचे म्हणणे होते, की एकाच माणसाच्या मागे लागण्यासाठी नेमलेला, वेळेची आणि पैशाची मर्यादा नसलेला वकील उद्या भलताच स्वैर होईल. दहा वर्षांनी पुष्कळांना ते आठवले. १९९४ साली अध्यक्ष क्लिंटन यांच्या एका जुन्या जमीनव्यवहाराच्या चौकशीला केनेथ स्टार यांना नेमण्यात आले, आणि चौकशी वाटेत वळत वळत त्यांच्या खासगी संबंधांपर्यंत जाऊन पोचली. शपथेवर खोटे बोलल्याचा आरोप आला, डिसेंबर १९९८ मध्ये महाभियोग दाखल झाला, फेब्रुवारी १९९९ मध्ये सेनेटने त्यांना दोषमुक्त केले. दोन्ही पक्षांनी कपाळाला हात लावला. त्या कायद्याची मुदत ३० जून १९९९ रोजी संपली. ती वाढवा, असे म्हणायला फारसे कोणी पुढे आले नाही. न्यायखात्याच्या साध्या नियमांवर पुन्हा कारभार आला.

याचा अर्थ काय? कुंपण दोन्ही बाजूंनी लागते. सत्ताधाऱ्याने चौकशीत हात घालू नये म्हणून एक, आणि चौकशी करणाराने आपले शेत सोडून दुसऱ्याच्या शेतात नांगर घालू नये म्हणून दुसरे. पहिले नसेल तर चौकशी मरते. दुसरे नसेल तर तिच्यावरचा लोकांचा विश्वास मरतो.

आता घरी परत येऊ. आपल्याकडे अशा चौकश्यांसाठी १९५२ चा चौकशी आयोगांचा कायदा आहे, आणि त्याखालची एक चौकशी तर आमच्या मुंबईतच झाली. जून १९५७ मध्ये नव्याने सरकारी झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या कलकत्त्याच्या व्यापाऱ्याच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या घरातले भाग विकत घेतले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारलेसुद्धा नाही. डिसेंबरमध्ये लोकसभेत हा प्रश्न धसाला लावला तो फिरोज गांधी यांनी. म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच सभासदाने, आणि पंतप्रधानांच्या प्रत्यक्ष जावयाने. जानेवारी १९५८ मध्ये मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग बसला.

छागलांनी केलेली महत्त्वाची गोष्ट ही, की चौकशी उघड्यावर केली. बंद दाराआड नव्हे. लोकांची एवढी गर्दी झाली, की आतले बोलणे बाहेरच्यांना ऐकू यावे म्हणून ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी आणि खात्याचे मुख्य सचिव एच. एम. पटेल यांच्या साक्षी लोकांच्या देखत झाल्या. महिन्याभराच्या आत अहवाल आला. त्यातला निष्कर्ष असा, की सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येणार नाही. फेब्रुवारीतच कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. जिथे सगळे लोकांच्या कानावर पडते, तिथे हस्तक्षेप करायला येणाऱ्याला जागाच उरत नाही. फितींनी वॉशिंग्टनमध्ये जे केले, ते मुंबईत ध्वनिक्षेपकाने केले म्हणा ना!

पण याच कायद्यात एक कच्चा दुवा आहे. आयोग नेमते सरकार, आणि आयोगाचे काम संपले असे जाहीर करण्याचा अधिकारही सरकारला. याचा अनुभवही महाराष्ट्रानेच घेतला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग करीत होता. मधल्या काळात सरकार बदलले, आणि जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारने तो आयोगच गुंडाळला. मे १९९६ मध्ये तो पुन्हा चालू झाला आणि १९९८ च्या फेब्रुवारीत त्याने अहवाल दिला. साक्षीपुरावे नोंदलेले होते, न्यायमूर्ती तेच होते, म्हणून काम निभावले. पण चार महिने चौकशी सरकारच्या मर्जीवर टांगलेली राहिली, हे काही विसरण्यासारखे नाही. शिवाय आयोगाचा अहवाल म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. त्यावर काय करायचे ते सरकारनेच ठरवायचे. अहवाल सहा महिन्यांच्या आत सभागृहापुढे ठेवण्याचे बंधन कायद्यात १९७१ साली घालण्यात आले, ते आधीचे अनुभव पाहूनच.

गुन्ह्याच्या तपासाची वाट तर याहून बिकट. केंद्रीय अन्वेषण विभागाला अमुक दर्जाच्या वरच्या अधिकाऱ्याची चौकशी सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून सुरू करता येणार नाही, असा एक आदेश होता. १८ डिसेंबर १९९७ रोजी विनीत नारायण यांच्या खटल्यात, सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या पीठाने तो रद्द केला, आणि विभागाच्या संचालकाला किमान दोन वर्षे हलवू नये असे सांगितले. २००३ साली परवानगीची अट कायद्यातून परत आली. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी ती घटनाबाह्य ठरवली. २०१८ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती होऊन ती निराळ्या रूपात आणखी एकदा आली. असा हा दोर कधी इकडे, तर कधी तिकडे ओढला जातो. पक्ष कुठलाही सत्तेवर असो, दोर ओढण्याची हौस सारखीच. यात सरकारची एक बाजू आहे, ती म्हणजे प्रामाणिक अधिकारी खोट्या तक्रारींना भिऊन निर्णयच घेईनासा होतो. ही भीती अगदीच पोकळ नाही. पण ज्याची चौकशी व्हायची, त्याच्याच घरची परवानगी मागायला जायचे, यात राघोबादादांच्या दरबाराचा वास येतो, हेही नाकबूल करता येत नाही.

तेव्हा, वाचकहो, पुढच्या वेळी वर्तमानपत्रात कोणा बड्या माणसाची ‘निष्पक्षपाती चौकशी होणार’ अशी बातमी वाचाल, तेव्हा चौकशी करणारा किती सज्जन आहे एवढ्यावर समाधान मानू नका. सज्जन असेलच. त्यापुढचे रुक्ष प्रश्न विचारा. त्याला नेमले कोणी? त्याला काढायचे झाल्यास कोणाची सही पुरते? त्याने जमवलेले कागद कोणाच्या कपाटात राहणार? साक्षी उघड होणार की बंद खोलीत? त्याला नेमून दिलेले शेत केवढे, त्याची हद्द कोणती? अहवाल किती दिवसांत लोकांपुढे यायचा आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे, उद्या तो उठून गेला किंवा त्याला उठवले, तर त्याच्या जागी बसणाराला काम आहे तिथून पुढे उचलता येईल का? हे प्रश्न कोणी कीर्तनात सांगणार नाही, आणि त्यांच्यावर बोलपटही निघणार नाही. पण वॉशिंग्टनमध्ये १९७३ साली चौकशी वाचली, ती अशाच एका रुक्ष नियमाने, आणि तो मोडलेला पाहून गप्प न बसणाऱ्या लोकांनी.

रामशास्त्र्यांसारखी माणसे लागतातच. रिचर्डसन आणि रकल्सहाउस यांनी खुर्ची सोडली नसती, तर लोकांना धक्काच बसला नसता. पण शतकात एखादाच रामशास्त्री जन्मतो, आणि चौकश्या तर दर दहा वर्षांनी कराव्या लागतात. म्हणून कायद्याने एवढे तरी साधावे, की शास्त्रीबुवांचे तेज अंगी नसलेल्या साध्या, सरळ माणसालाही ते काम निभावता यावे. आणि तो निघून गेला, तरी त्याचे दप्तर जागच्या जागी उघडेच राहावे.